वर्गसमीकरणाचा आलेख : फळ्यावरून पडद्यावर

माध्यमिक शाळेच्या गणितात वर्गसमीकरण हा असा एक घटक आहे की, जो विद्यार्थ्यांना पाठ होतो, परंतु पुष्कळदा उमगत नाही. विद्यार्थी सूत्रात किमती घालतो, वर्गमूळ काढतो, दोन उत्तरे लिहितो आणि त्यांच्याखाली रेघ मारून मोकळा होतो. ही दोन उत्तरे म्हणजे नेमके काय, ती दोनच का, क्वचित एकच का आणि काही वेळा मुळीच का मिळत नाहीत, असे विचारले असता तो गोंधळतो. सूत्र विसरले की त्याच्या हाती काहीच उरत नाही. दहावीनंतर ज्या मुलामुलींचा गणिताशी संबंध कायमचा तुटतो, त्यांच्या मनात गणिताविषयी जी धास्ती राहते तिचे एक मूळ येथे आहे.

या अडचणीचे कारण बहुतांशी अध्यापनाच्या रीतीत आहे. महाराष्ट्राच्या दहावीच्या पाठ्यपुस्तकात दोन चलांतील रेषीय समीकरणे आलेखाच्या साहाय्याने शिकविली जातात. दोन रेषा जेथे छेदतात तेथे उत्तर मिळते, हे विद्यार्थी डोळ्यांनी पाहतो. त्यानंतर लगेच येणारे वर्गसमीकरण मात्र अवयव, पूर्ण वर्ग आणि सूत्र या तीन पद्धतींनी सोडविले जाते. तेथे चित्र मागे पडते आणि केवळ अक्षरे व अंक उरतात. वक्राचा एक आलेख हातांनी काढण्यात तासिकेचा बराचसा वेळ खर्ची पडतो, मग दहा आलेख काढून त्यांची तुलना कधी करावयाची, ही शिक्षकांची अडचण खोटी नव्हती. संगणक व मोबाईल यांमुळे ही अडचण आता दूर होऊ शकते. मात्र हे साधन कोणत्या क्रमाने आणि कोणत्या मर्यादेत वापरावे, याचा विचार आवश्यक आहे.

समीकरण जुने, चित्र नवे

वर्गसमीकरणे सोडविण्याची विद्या भारतात फार पूर्वीपासून आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये लिहिलेल्या ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात तिचे नियम आले आहेत. पूर्ण वर्ग करण्याची रीत श्रीधराचार्यांच्या नावाने ओळखली जाते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग होत. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केल्याची नोंद असलेला शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे. तेव्हा हा विषय महाराष्ट्राच्या भूमीला परका नाही.

भास्कराचार्यांपुढे आलेखाचे साधन मात्र नव्हते. दोन अक्षांच्या आधारे समीकरणाला वक्राचे रूप देण्याची कल्पना फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याच्या १६३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूमितीवरील ग्रंथामुळे रूढ झाली. त्यानंतर एका वर्षाने, १६३८ मध्ये, गॅलिलिओच्या ग्रंथात फेकलेल्या वस्तूचा मार्ग अन्वस्ताकार असतो हे प्रतिपादन आले. वर्गसमीकरणाच्या आलेखाला मराठीत ‘अन्वस्त’ म्हणतात. जुन्नर तालुक्यातील खोडद येथील विशाल रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या याच आकाराच्या आहेत. समांतर येणाऱ्या लहरी एका बिंदूत एकवटण्याचा गुण या आकारात आहे. घराच्या छपरावरील दूरदर्शनची तबकडीही त्याच गुणावर चालते. विद्यार्थी ज्या वक्राला केवळ परीक्षेतला प्रश्न समजतो, तो त्याच्या भोवती सर्वत्र आहे.

साधन कोणते ?

पडद्यावर आलेख दाखविणारे पहिले हातातील गणकयंत्र कॅसिओ या जपानी कंपनीने १९८५ मध्ये बाजारात आणले. पाश्चात्य देशांतील शाळांत अशी यंत्रे पुढे पुष्कळ वापरली गेली. आपल्याकडे ती किमतीमुळे फारशी पोहोचली नाहीत. शाळांना परवडेल असा मार्ग संगणक प्रणालींनी खुला केला. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१-०२ च्या सुमारास ‘जिओजेब्रा’ ही प्रणाली तयार केली. भूमिती व बीजगणित यांच्या इंग्रजी नावांच्या संयोगातून हे नाव बनले आहे. शैक्षणिक, म्हणजे व्यापारी नसलेल्या, वापरासाठी ती विनामूल्य आहे. ती संगणकावर तसेच साध्या मोबाईलवर चालते आणि एकदा उतरवून घेतल्यावर इंटरनेट नसतानाही काम करते. ग्रामीण शाळांच्या दृष्टीने हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा आहे. केरळ राज्याने माध्यमिक शाळांच्या माहिती-तंत्रज्ञान विषयात या प्रणालीला स्थान दिले आहे, तर मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात तिचे ध्वनिचित्रपाठ उपलब्ध आहेत.

प्रणाली शिकण्यास अवघड नाही. समीकरण लिहिण्याच्या चौकटीत ते टंकलिखित केले की वक्र पडद्यावर उमटतो. पुस्तकात आपण क्ष आणि य लिहितो, तेथे इंग्रजी एक्स आणि वाय लिहावे लागतात, एवढाच फरक. पुढे चार तासिकांचा एक पाठक्रम मांडला आहे. त्यात शिक्षकांनी आपापल्या वर्गाच्या गरजेप्रमाणे बदल करण्यास वाव आहे.

पहिली तासिका : आलेख हातांनीच

पहिल्या तासिकेत संगणक बंदच असावा. विद्यार्थ्यांनी आलेख कागदावर य = क्ष² − ४क्ष + ३ या समीकरणाचा आलेख हातांनी काढावा. क्षच्या −१, ०, १, २, ३, ४, ५ या किमतींसाठी यच्या किमती अनुक्रमे ८, ३, ०, −१, ०, ३, ८ येतात. हे सात बिंदू स्थापन करण्याआधी शिक्षकांनी या ओळीकडेच लक्ष वेधावे. लगतच्या किमतींमधील फरक −५, −३, −१, १, ३, ५ असे आहेत. प्रत्येक फरक मागील फरकापेक्षा २ ने अधिक आहे. रेषीय समीकरणात हा फरक बदलत नाही. येथे तो सारखा वाढत जातो. म्हणूनच हा आलेख सरळ रेषा होऊ शकत नाही, हे बिंदू काढण्यापूर्वीच ध्यानात येते.

बिंदू काढून झाले की अनेक विद्यार्थी ते पट्टीने जोडतात. ही चूक रागावून सुधारण्याजोगी नसून शिकविण्याजोगी आहे. क्ष = १.५ असताना य किती, असे विचारावे. उत्तर −०.७५ येते. (१, ०) व (२, −१) या बिंदूंना जोडणाऱ्या सरळ रेषेवर मात्र त्या ठिकाणी य ची किंमत −०.५ असते. याचा अर्थ खरा बिंदू पट्टीच्या रेषेच्या खाली आहे. क्ष = ०.५ साठी हेच करून पाहिल्यास खरी किंमत १.२५ व रेषेवरील किंमत १.५ मिळते. दोन्ही ठिकाणी फरक पाव एककाचाच ! लगतच्या कोणत्याही दोन बिंदूंच्या मध्यभागी हाच अनुभव येतो. वक्र हा वक्रच का, याचे उत्तर विद्यार्थ्याने स्वतःच्या आकडेमोडीतून मिळविलेले असते.

शेवटी कागद क्ष = २ या रेषेवर दुमडण्यास सांगावे. दोन्ही बाजू एकमेकींवर बसतात. ही रेषा म्हणजे सममिती अक्ष आणि तिच्यावरील (२, −१) हा सर्वांत खालचा बिंदू म्हणजे शिरोबिंदू. वक्र क्ष-अक्षाला १ व ३ येथे छेदतो. तेथे य शून्य आहे, म्हणजेच क्ष² − ४क्ष + ३ = ० या समीकरणाची मुळे १ व ३ आहेत. मूळ म्हणजे काय, हे येथे प्रथमच दिसते.

दुसरी तासिका : सहगुणकांचे कार्य

आता संगणक सुरू करावा. आदल्या दिवशीचेच समीकरण प्रथम लिहावे, म्हणजे आपण हातांनी काढलेला वक्र आणि पडद्यावरील वक्र एकच आहेत, अशी विद्यार्थ्यांची खात्री पटते. त्यानंतर य = अक्ष² + बक्ष + क हे सर्वसाधारण रूप लिहावे. जिओजेब्रात अशा प्रत्येक सहगुणकासाठी सरकपट्टी तयार करता येते. ती पुढेमागे सरकविली की सहगुणकाची किंमत बदलते आणि त्याबरोबर वक्रही बदलतो.

येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे. पट्टी सरकविण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी आपला अंदाज वहीत लिहिला पाहिजे. ‘अ ची किंमत १ वरून २ केली तर वक्र रुंद होईल की अरुंद ?’ असा प्रश्न विचारून दोन मिनिटे थांबावे आणि मगच पट्टी हलवावी. अंदाज न करता पाहिलेला पडदा हा चित्रपटाच्या पडद्याहून वेगळा नसतो. अंदाज चुकलेला विद्यार्थी मात्र ‘असे का ?’ हा प्रश्न आपण होऊन विचारतो, आणि अध्यापनाचा खरा आरंभ तेथून होतो.

अ वाढविला की वक्र अरुंद होतो, कमी केला की पसरतो, आणि ऋण केला की उलटा होतो. या प्रवासात अ ची किंमत शून्यावर येते त्या क्षणी वक्र नाहीसा होऊन सरळ रेषा उरते. वर्गसमीकरणाच्या व्याख्येत ‘अ शून्य नसावा’ ही अट विद्यार्थी वर्षानुवर्षे पाठ करतात; ती कशासाठी घातली आहे, हे या क्षणी दिसून येते. क बदलला की संपूर्ण वक्र जसाच्या तसा वर किंवा खाली सरकतो, कारण वक्र य-अक्षाला नेहमी (०, क) या बिंदूत छेदतो.

ब चे कार्य सर्वांत कुतूहलाचे आहे. ब बदलला की वक्र आडवा सरकेल, असा बहुतेकांचा अंदाज असतो. प्रत्यक्षात तो तिरका सरकतो. य = क्ष² + बक्ष हे समीकरण घेऊन शिरोबिंदूचा माग पडद्यावर उमटविण्याची सोय वापरली, तर शिरोबिंदू स्वतःच एका उलट्या अन्वस्तावरून फिरताना दिसतो. याचे कारणही सोपे आहे. शिरोबिंदूचे निर्देशक −ब/२ व −ब²/४ असतात. दुसरा निर्देशक हा पहिल्याच्या वर्गाची ऋण किंमत आहे, म्हणून तो य = −क्ष² या वक्रावर पडतो. हुशार विद्यार्थ्यांना ही सिद्धता स्वतंत्रपणे करावयास देता येईल.

तिसरी तासिका : सूत्राचे चित्र

तिसऱ्या तासिकेत अ = १ व ब = −४ कायम ठेवून केवळ क बदलावा. क = ३ असताना वक्र क्ष-अक्षाला दोन ठिकाणी छेदतो. क वाढवत नेला की ते दोन बिंदू एकमेकांजवळ येऊ लागतात. क = ४ झाला की ते एकत्र येतात आणि वक्र अक्षाला केवळ २ या ठिकाणी स्पर्श करतो. क = ५ केला की वक्र अक्षापासून सुटून वर जातो. विवेचक ब² − ४अक याची किंमत या तीन वेळी अनुक्रमे ४, ० आणि −४ येते. ‘विवेचक धन असेल तर मुळे वास्तव व असमान, शून्य असेल तर वास्तव व समान, ऋण असेल तर मुळे वास्तव नाहीत’ हा नियम आता पाठ करण्याचा राहत नाही. तो पाहिलेला असतो.

याच वेळी सूत्राकडे वळावे. मुळांचे सूत्र दोन भागांत लिहिता येते. पहिला भाग −ब/२अ हा सममिती अक्षाचे स्थान सांगतो. दुसरा भाग, म्हणजे विवेचकाचे वर्गमूळ भागिले २अ, हा त्या अक्षापासून मुळे डावीकडे व उजवीकडे किती अंतरावर आहेत ते सांगतो. आपल्या उदाहरणात अक्ष २ वर आहे आणि अंतर १ आहे. म्हणून मुळे १ व ३. सूत्रातील अधिक-उणे हे चिन्ह म्हणजे अक्षाच्या दोन बाजू होत. पूर्ण वर्गाची रीतही अशीच उलगडते. क्ष² − ४क्ष + ३ हे (क्ष − २)² − १ असे लिहिले की शिरोबिंदू (२, −१) त्यातून सरळ वाचता येतो. तिन्ही पद्धती एकाच वक्राची तीन वर्णने आहेत, हे ज्याला समजले तो परीक्षेत सूत्र विसरला तरी ते पुन्हा मांडू शकतो.

चौथी तासिका : व्यवहारातील प्रश्न

शाळेच्या आवारातील भिंतीला लागून आयताकृती परसबाग करावयाची आहे. कुंपणासाठी ४० मीटर जाळी उपलब्ध आहे. भिंतीची बाजू सोडून उरलेल्या तीन बाजूंना जाळी लावावयाची, तर बागेचे क्षेत्रफळ अधिकात अधिक किती होईल ? भिंतीला लंब असलेली बाजू क्ष मीटर मानली, तर समोरची बाजू ४० − २क्ष मीटर होते आणि क्षेत्रफळ ४०क्ष − २क्ष² चौरस मीटर होते. हा वक्र उलटा आहे. त्याचा शिरोबिंदू (१०, २००) येथे दिसतो. म्हणजे बाजू १० व २० मीटर घेतल्यास २०० चौरस मीटर जागा मिळते. बाजू ८ किंवा १२ मीटर घेतली तर १९२, आणि ५ किंवा १५ मीटर घेतली तर १५० चौरस मीटरच मिळते. जाळी तेवढीच, खर्च तोच. परंतु जागेत ५० चौरस मीटरचा फरक पडतो.

आता १५० चौरस मीटरचीच बाग हवी असेल तर काय ? पडद्यावर य = १५० ही आडवी रेषा काढावी. ती वक्राला दोन बिंदूंत छेदते. क्ष² − २०क्ष + ७५ = ० या समीकरणाची ५ व १५ ही दोन्ही मुळे येथे ग्राह्य आहेत. एक बाग ५ × ३० मीटरची, दुसरी १५ × १० मीटरची. कोणती घ्यावी हे जागेचा आकार पाहून ठरेल. गणित दोन्ही मार्ग दाखविते.

याउलट ‘लीलावती’तील भुंग्यांचे प्रसिद्ध उदाहरण घ्यावे. थव्यातील भुंग्यांच्या निम्म्या संख्येचे वर्गमूळ काढले असता येते तेवढे भुंगे मालतीच्या फुलांकडे गेले, एकूण थव्याचे आठ नवमांश त्यांच्यामागून गेले आणि एक जोडी कमळापाशी राहिली, तर थव्यात भुंगे किती ? एकूण भुंगे २क्ष² मानले असता २क्ष² − ९क्ष − १८ = ० हे समीकरण मिळते. वक्र क्ष-अक्षाला ६ व −१.५ येथे छेदतो. येथे क्ष म्हणजे मालतीच्या फुलांकडे गेलेल्या भुंग्यांची संख्या असल्यामुळे ती ऋण किंवा अपूर्णांक असू शकत नाही. म्हणून क्ष = ६ आणि थव्यात ७२ भुंगे. एका उदाहरणात दोन्ही मुळे घ्यावयाची, दुसऱ्यात एक सोडावयाचे, हा निर्णय यंत्र करीत नाही. तो विचार करणाऱ्या विद्यार्थ्यालाच करावा लागतो.

पडदा फसवितो तेव्हा

तंत्रज्ञानाच्या मर्यादा शिक्षकांनी स्वतः ओळखून विद्यार्थ्यांनाही दाखवून दिल्या पाहिजेत. पहिली मर्यादा पडद्याच्या चौकटीची. अक्ष −१० ते १० पर्यंतच दिसत असेल, तर वरील य = क्ष² − २०क्ष + ७५ या वक्राचे ५ हे एकच मूळ दिसते. १५ हे मूळ आणि (१०, −२५) हा शिरोबिंदू चौकटीबाहेर राहतो. घाई करणारा विद्यार्थी ‘मूळ एकच आहे’ असे लिहून मोकळा होतो. दुसरी मर्यादा प्रमाणाची. दोन अक्षांवरील प्रमाण वेगवेगळे असेल तर अरुंद वक्र पसरट दिसतो, आणि दोन वक्रांची तुलना चुकते.

तिसरी मर्यादा सूक्ष्मतेची आहे. क्ष² − ४क्ष + ३.९९ आणि क्ष² − ४क्ष + ४.०१ यांचे वक्र पडद्यावर जवळजवळ सारखेच, म्हणजे अक्षाला स्पर्श करणारे, भासतात. प्रत्यक्षात पहिल्याची मुळे १.९ व २.१ अशी दोन आहेत आणि दुसऱ्याला वास्तव मूळच नाही. डोळ्यांना जे ओळखता येत नाही ते विवेचक ओळखतो : पहिल्याचा विवेचक ०.०४ आणि दुसऱ्याचा −०.०४. त्याचप्रमाणे क्ष² − २ = ० चे धन मूळ पडद्यावर १.४१ असे दिसते, परंतु १.४१ चा वर्ग १.९८८१ येतो, २ येत नाही. खरे मूळ २ चे वर्गमूळ हेच. तात्पर्य, आलेख समज देतो आणि बीजगणित खात्री देते. दोहोंपैकी एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. लेखी परीक्षेत विद्यार्थ्यासमोर पडदा नसतो, हेही विसरून चालणार नाही.

साधने अपुरी असतील तर

प्रत्येक विद्यार्थ्यापुढे संगणक असावा, ही अपेक्षा आज सर्वत्र पूर्ण होण्यासारखी नाही आणि या पाठासाठी तिची गरजही नाही. एक संगणक व एक प्रक्षेपक असला तरी पुरे. प्रक्षेपक नसल्यास चार-पाच विद्यार्थ्यांच्या गटास एक मोबाईल, अशी व्यवस्था शिक्षकांच्या देखरेखीखाली करता येते. एकाने पट्टी सरकवावी, दुसऱ्याने निरीक्षण सांगावे, तिसऱ्याने नोंद करावी आणि दर काही मिनिटांनी ही कामे आळीपाळीने बदलावीत. यंत्र नेहमी एकाच धीट विद्यार्थ्याच्या हाती राहणार नाही आणि मुलींना मागे राहावे लागणार नाही, याची दक्षता शिक्षकांनी घ्यावी.

वीज गेली तरी पाठ थांबू नये. कागदाच्या खालच्या कडेच्या थोडे वर एक बिंदू घ्यावा आणि ती कड निरनिराळ्या ठिकाणी दुमडून प्रत्येक वेळी त्या बिंदूवर आणावी. वीस-पंचवीस घड्या पडल्या की घड्यांच्या रेषांमधून अन्वस्ताचा आकार आपोआप उठून दिसतो. या कृतीस कागदावाचून दुसरे काहीच लागत नाही.

शाळा आणि पंचायत

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अध्यापनात तंत्रज्ञानाच्या वापरावर भर दिला आहे. केंद्र शासनाचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ पासून उपलब्ध आहे. साधने अशी वाढत असली तरी त्यांचा उपयोग अखेर गावातील शाळेत व्हावयाचा असतो. संगणक खोलीला कुलूप असेल आणि किल्ली जपून ठेवली जात असेल, तर खरेदीवर झालेला खर्च कागदोपत्रीच राहतो. म्हणून पाहणीसाठी येणाऱ्या अधिकाऱ्यांनी ‘संगणक किती ?’ या प्रश्नाबरोबरच ‘गेल्या महिन्यात गणिताच्या किती तासिका त्यांवर झाल्या ?’ हा प्रश्नही विचारावा. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात संगणक खोलीसाठी गणिताच्या तासिका राखून ठेवाव्यात.

पंचायत सदस्यांचे साहाय्य येथे फार मोलाचे ठरते. वीजजोडणी सुरळीत ठेवणे, बंद पडलेले यंत्र दुरुस्त करून घेणे, गावातील जाणकार तरुणांचे साहाय्य मिळविणे, या गोष्टी खर्चाने लहान असल्या तरी परिणामाने मोठ्या आहेत. ग्रामपंचायतीच्या वार्षिक विकास आराखड्यात गावातील शाळेच्या या गरजांचा विचार व्हावा. केंद्रातील एखाद्या शाळेत हा पाठक्रम प्रथम घेऊन परिसरातील गणित शिक्षकांनी तो एकत्र पाहावा व त्यावर चर्चा करावी, असेही करता येईल.

जिओजेब्रासारखी प्रणाली मुंबई-पुण्यातील शाळेत जशी चालते, तशीच ती मेळघाटातील किंवा अक्कलकुव्यातील शाळेतही चालते. तिच्यासाठी शुल्क भरावे लागत नाही आणि शहरातील विद्यार्थ्याला दिसणारा वक्र खेड्यातील विद्यार्थ्याला वेगळा दिसत नाही. अंतर पडते ते संगणक खोलीचे दार उघडे आहे की बंद यामुळे, आणि पट्टी सरकविण्यापूर्वी विद्यार्थ्याला विचार करण्यास कोणी सांगते की नाही यामुळे. ही दोन्ही कामे शिक्षक, अधिकारी आणि पंचायत यांच्या हातांत आहेत. ती त्यांनी मनावर घेतली, तर वर्गसमीकरण हा गणित सोडून देण्याचा टप्पा न ठरता गणिताची गोडी लागण्याचा टप्पा ठरेल.